मोरचूद, चुना आणि मार्गो २०२४

‘बोर्डो’ हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो वाइनमुळे नव्हे, तर फवारणीमुळे. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या बागेत गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळछाटणीनंतर, आभाळ भरून आले, की नाना एका ड्रममध्ये मोरचूद आणि दुसऱ्यात चुना भिजवून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करायला घेत, आणि ते पंपात भरण्याआधी त्यात लोखंडी विळा बुडवून पाहत. विळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजायचे. तसेच फवारले, तर पाने करपतात. हे नाव फ्रान्समधल्या एका शहराचे, बोर्दोचे आहे, हे मला दहावीनंतर कधीतरी कळले.

पुढे मी वाइननिर्मिती शिकले आणि नाशिकजवळच्या एका वाइनरीत नोकरीला लागले. आमची काढणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चअखेर टाक्या भरलेल्या असतात, त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये मुंबईच्या एका आयातदाराने चव पारखायला सोबत चला म्हटले, तेव्हा मी रजा टाकून निघाले. बोर्दोत दर वसंतात आदल्या शरदातल्या पिकाची वाइन, ती अजून पिंपात मुरत असतानाच, जगभरच्या व्यापाऱ्यांना आणि समीक्षकांना चाखायला देतात. बाटली भरली जाणार असते त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, पण सौदे ठरतात ते याच चाखणीच्या आधारावर. अडतीवर द्राक्षे घालणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला या पद्धतीचे फारसे नवल वाटले नाही. पिकाआधी पैसा फिरवण्याची कला कोणत्याही बाजारपेठेला शिकवावी लागत नाही.

शातो मार्गो या बोर्दोच्या नामांकित वाइनमळ्यातल्या चाखणीची वेळ सकाळची होती. बोर्दो शहरातून उत्तरेला मेदोक या द्राक्षपट्ट्याच्या रस्त्याने तासाभराच्या आत तिथे पोचता येते. प्लेन वृक्षांची सरळ रांग आणि तिच्या टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुई कोंब या वास्तुविशारदाने बांधलेली खांबांची इमारत, हे दृश्य लेबलवर इतक्यांदा पाहिलेले होते, की प्रत्यक्षात ते थोडे लहानच वाटले. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गीकरणात पहिल्या श्रेणीत बसलेल्या चार शातोंपैकी हा एक. आणि त्याच्याही आधी, १७८७ मध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी बोर्दोच्या दौऱ्यात सर्वोत्तम म्हणून ज्या चार मळ्यांची नोंद केली, त्यांतही मार्गो होताच. १९७७ पासून तो मेंत्झेलोपुलोस कुटुंबाकडे आहे. ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेले आणि २०१५ मध्ये खुले झालेले नवे तळघर व कारखाना कौलारू छपराखाली जुन्या इमारतींच्या शेजारी असा बेताने उभा आहे, की आपण होऊन नजर तिकडे जात नाही. मला मात्र जास्त आवडली ती तिथली पिंपांची कार्यशाळा. ओकच्या फळ्या आगीवर शेकून वाकवणारा कारागीर मळ्यावरच असावा, ही चैन आता फार थोड्यांना परवडते.

पेल्यात ओतला गेला तो २०२४ च्या मुख्य वाइनचा नमुना. रंग गडद जांभळा असला, तरी पेला तिरका केल्यावर कडेला अपेक्षेपेक्षा पातळ दिसला, आणि मी मनात लगेच निकाल देऊन टाकला, की वर्ष हलके आहे. वासाला आधी व्हायोलेटची फुले, मग काळे करंट. आपल्याकडच्या नाकाला ते पिकलेल्या करवंदाच्या जवळचे वाटते. तोंडात घेतल्यावर ना भारदस्त गोडी, ना मद्यार्काची ऊब. आंबटपणा ताठ, टॅनिन, म्हणजे तुरटपणा, बारीक दळलेले, आणि मधला भाग खरोखरच सडपातळ. पण थुंकून टाकल्यावर मी वहीत दोन ओळी लिहिल्या, पान उलटले, शेजारच्या माणसाशी बोलले, तरी चव जिभेच्या मागच्या बाजूला होतीच. मग मी आधीचा शेरा खोडला. ‘थोर’ हा शब्द मात्र मी तेव्हाही लिहिला नाही, आजही लिहिणार नाही. २०२४ हे थोर वर्ष नव्हते. थोर जमिनीने आणि कडक निवडीने सावरून धरलेले वर्ष होते.

चाखवणाऱ्या बाईंनी वर्षाची हकीकत सांगायला सुरुवात केली: हिवाळ्यापासून लांबलेला पाऊस, फुलोऱ्याच्या वेळची थंडी आणि त्यामुळे झालेली गळ, एकाच घडात लहान-मोठे मणी, ज्यांतल्या लहानांना आमच्याकडे ‘शॉट बेरी’ म्हणतात, आणि या सगळ्यांवर कडी करणारा ‘मिल्द्यू’. बाकीचे पाहुणे मान डोलावत होते. मला एकदम आमची बाग दिसली. मिल्द्यू म्हणजे आपला डाऊनी, केवडा रोग: पानावर तेलकट पिवळा डाग, खालच्या बाजूला पांढरी लव, आणि फुलोऱ्यात शिरला तर आठवड्याभरात घडाचा कोळसा. एका ऑक्टोबरात असाच सलग पाऊस झाला, चिखलात ट्रॅक्टर घालता येईना, आणि नानांची पाऊण एकर बाग डाऊनीने नेली. मी न राहवून विचारले, की फवारणी पायी केली का? बाई थबकल्या, माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “आपली स्वतःची वेलबाग आहे का?” त्यानंतर आमचे बोलणे सुगंधावरून मोरचुदातल्या तांब्याच्या मात्रेवर आले. युरोपीय संघात आता सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे वापरता येत नाही, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. पावसाने फवारा धुऊन नेला, की तो हिशेब किती झपाट्याने संपत येतो, हे आम्हा दोघींनाही समजावून सांगावे लागणार नव्हते.

तांब्याचे औषधही याच मातीतले. अमेरिकेतून आलेला हा रोग फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसला १८७८ मध्ये. १८८२ च्या शरदात वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आले, की मेदोकमधल्या सँ-झुलियाँ गावी रस्त्याकडेच्याच वेलींची पाने तेवढी शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे मिश्रण शिंपडले होते. पुढच्या प्रयोगांसाठी मियार्दे यांना ज्या मळ्यांची साथ मिळाली, त्यांतला शातो दोझाक मार्गोच्याच पट्ट्यात आहे. जगातल्या द्राक्षबागांना वाचवणारी गोष्ट चोरांना घाबरवण्याच्या खटपटीतून निघाली, हे नानांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग चोर थांबले का?”

मार्गोला हे वर्ष सोसले ते निवडीमुळे. हलके निघालेले भाग ‘पाव्हियाँ रूज’ या दुसऱ्या वाइनमध्ये जातात, त्याखाली तिसरी वाइन आहे, आणि मुख्य वाइनच्या वाट्याला येतो पिकाच्या निम्म्याहून कमी हिस्सा. टाकून देण्याची ही ऐपत हाच माझ्या मते प्रतिष्ठेचा खरा अर्थ आहे. त्या संध्याकाळी आम्ही ज्या लहान शेतकऱ्याकडे उतरलो, त्याच्याकडे तिसरी तर सोडाच, दुसरी वाइनही नव्हती. जे आले ते सगळे एकाच बाटलीत. त्याचे वर्ष तेच, ढग तेच, पण पीक निम्म्याच्या आत आले होते आणि त्याला भाव विचारायला कोणी परदेशातून आले नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत नामांकित शातोंनी दर बरेच उतरवले, तरी खरेदीदार हात आखडूनच राहिले. भारतात तर तेव्हाचे दीडशे टक्के आयातशुल्क लागताच ती सवलत दिसेनाशी झाली, त्यामुळे आमच्या आयातदाराने मोजक्याच पेट्या मागवल्या.

त्या शेतकऱ्याच्या कोठारात पंपाशेजारच्या भिंतीवर निळसर डागांचा जाड थर होता. त्याचा फोटो मी नानांना पाठवला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. खरड छाटणीचे दिवस, त्यामुळे ते पहाटे उठले असणार. मी जागी झाले तेव्हा उत्तर आलेले होते: “रंग जास्त निळा दिसतोय. त्याला विचार, विळा बुडवून बघतो का.”