नाकाता किती फेमस, ते मोजायचं कसं

परवा सहज डोक्यात आलं की जपानचा माजी फुटबॉलर हिदेतोशी नाकाता आज इंटरनेटवर किती चालतो ते बघू. वाटलं दहा मिनिटांचं काम आहे, आख्खी रात्र गेली.

पहिली गोची टायमिंगची. 2006 च्या वर्ल्ड कपमधे ब्राझीलने जपानला 4-1 धुतलं, मॅच संपल्यावर हा पठ्ठ्या डॉर्टमुंडच्या मैदानावर कितीतरी वेळ उताणा पडून होता, आणि 3 जुलैला स्वतःच्या वेबसाईटवर लिहून मोकळा झाला की बास, रिटायर. वय फक्त 29! ट्विटर पब्लिकसाठी उघडलं त्याच जुलैमधे, फेसबुक सगळ्यांना खुलं झालं सप्टेंबरमधे. म्हणजे सोशल मीडियाचं दुकान उघडेपर्यंत याने किट आवरलेलं. मग फॉलोअर मोजून काय कळणार, नंतर तो जपानच्या 47 प्रिफेक्चर्समधे (म्हणजे प्रांतांत) फिरला, साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्यांच्या नादी लागला, त्यामुळे फॉलो करणाऱ्यातले फुटबॉलवाले किती आणि साकेवाले किती हे तोच जाणे.

मग गूगल ट्रेंड्स, म्हणजे एखादी गोष्ट किती सर्च होते ते दाखवणारं गूगलचं टूल. तिथला डेटा सुरूच होतो 2004 पासून. 1998 मधे पेरुजा या इटालियन क्लबकडून सेरी आ (इटलीची टॉप लीग) मधल्या पहिल्याच मॅचला युव्हेंटसवर दोन गोल, 2001 मधे रोमा क्लबकडून त्यांचा स्टार टोट्टीच्या जागी उतरून परत युव्हेंटसलाच लांबून मारलेला तो गोल, रोमाचं ते लीग टायटल, सगळं बाहेर. शिवाय तिथला आकडा म्हणजे किती लोकांनी सर्च केलं ते नव्हेच, तुम्ही निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच पॉइंट म्हणजे 100 आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात. 2006 चा वर्ल्ड कप आत घेतला की पुढची वर्षं जमिनीला चिकटतात, 2010 पासून लावा, तोच माणूस एकदम पॉप्युलर. (असे चार्ट लावून भांडणारे लोक असतात, मीही त्यातलाच.)

नावाचा घोळ वेगळाच. टोपणनाव हिदे, पण इंग्रजी अक्षरात तो 'लपणे'वाला हाइड होतो, आणि जपानी रॉकमधला हिदे नावाचा गिटारिस्ट आहेच. नुसतं नाकाता टाकलं तर कोजी नाकाता येतो, तोही मिडफिल्डर, तोही 2002 आणि 2006 च्या टीममधे. म्हणून ट्रेंड्समधे नुसता शब्द नाही, त्या माणसाचा 'टॉपिक' निवडायचा.

मला त्यातल्या त्यात पटलं ते विकिपीडियाचे पेजव्ह्यूज, म्हणजे पान किती वेळा उघडलं ते. तिथे बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) वेगळे काढता येतात, भाषेनुसार बघता येतं, आणि जुलै 2015 पासून मोजायची पद्धत एकच आहे. सरासरी मात्र नको, एखादी बातमी आली की एका दिवसात महिन्याची सरासरी फुगते. मीडियन घ्या, म्हणजे सगळ्या दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला. ज्या दिवशी काहीच घडलेलं नाही त्या दिवशीही जे लोक त्याचं पान उघडतात, रिटायर झालेल्या प्लेअरची खरी पब्लिक तीच, असं माझं मत.

आता तुलना कोणाशी करायची? इटालियन विकिपीडियावर रोमातला त्याचा जोडीदार मोंटेला घेतला तर तो 2023 पासून तुर्कीचा कोच आहे, तुर्कीची मॅच आली की लोक त्याचं पान उघडणारच. आणि जपानी विकिपीडियावर जपानचाच जुना स्टार काझू मिउरा घ्यावा म्हटलं, तर तो नाकातापेक्षा दहा वर्षांनी मोठा असून पन्नाशी उलटल्यावरही खेळतच राहिला.