शिझुओकाचा हॉबी शो आणि आमची बंद खोकी

आमच्या गटातले बहुतेक सभासद संग्राहक आहेत, मॉडेल जोडणारे नव्हेत. तोक्यो आणि आसपास राहणाऱ्या भारतीयांचा हा लहानसा गट निशिकासाईत कुणाच्या तरी घरी जमतो, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) छोट्या गाड्या आणि प्लास्टिक मॉडेलांची जुनी किट्स, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच, एकमेकांना दाखवतो, आणि ज्या किटचे खोके कधीच उघडलेले नाही ते अधिक मोलाचे, या नियमावर तिथे सहसा वाद होत नाही. या मे महिन्यात आम्ही सगळ्यांनी मिळून शिझुओका शहरातल्या हॉबी शोला, म्हणजे मॉडेल-उत्पादकांच्या प्रदर्शनाला, जायचे ठरवले, तेव्हा ज्या गावात ही खोकी भरली जातात तिथे या नियमाला कितपत किंमत आहे, हे पाहण्याची मला उत्सुकता होती.

शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेतली सर्वांत वेगवान नोझोमी शिझुओकाला थांबत नाही, त्यामुळे हिकारी पकडावी लागते; ती साधारण तासाभरात पोहोचवते. जाताना उजव्या हाताच्या खिडक्यांतून फुजी दिसतो, अर्थात ढगांची मर्जी असेल तर. आमच्या वेळी नव्हती.

जपानी प्लास्टिक मॉडेलांचा उद्योग याच एका शहरात आणि त्याच्या आसपास का एकवटला, याचे उत्तर लाकडात आहे. जपानचा शोगुन (लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएयासु निवृत्तीनंतर इथल्या सुनपु किल्ल्यात राहिला. इथल्या सेनगेन देवस्थानाच्या बांधकामांसाठी ठिकठिकाणचे सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर इथे आले आणि त्यांतले बरेच इथेच स्थायिक झाले, असे सांगतात. त्या परंपरेतून फर्निचर, लाखेची भांडी आणि पुढे शाळकरी मुलांसाठी लाकडी विमानांचे संच तयार होऊ लागले. तामिया या इथल्या मॉडेल-कंपनीची सुरुवातही 1946 मध्ये लाकडाच्या धंद्यातूनच झाली. 1960 मध्ये या कंपनीने ‘यामातो’ युद्धनौकेचे आपले पहिले प्लास्टिक मॉडेल काढले, पण प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात बाजारात आणल्यामुळे ते आतबट्ट्याचे ठरले. सावरले ते पुढच्या पँथर रणगाड्याने. मोटर आणि बॅटरी आत नीट बसावी, एवढ्याच हिशेबाने त्याचा आकार ठरवला होता; नंतर मोजले तेव्हा प्रमाण 1/35 च्या, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या, आसपास निघाले, आणि आज जगभरातले लष्करी मॉडेलकार जो 1/35 प्रमाण मानतात, त्याचे मूळ या बॅटरीच्या जागेत आहे. पँथरच्या खोक्यावरचे चित्र कोमात्सुझाकी शिगेरू यांचे होते, आणि आमच्यातले निम्मे लोक मॉडेलपेक्षा अशा चित्रांसाठीच खोकी जमवतात.

हे प्रदर्शन मुळात उत्पादकांनी घाऊक व्यापाऱ्यांना माल दाखवण्यासाठी 1959 मध्ये सुरू केले. आजही आधीचे दिवस व्यापाऱ्यांचे असतात आणि शनिवार-रविवार सर्वांसाठी खुला असतो. ट्विन मेस्से या प्रदर्शन-संकुलात तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी, बांदाई अशी मोठी नावे ओळीने मांडलेली दिसतात. बांदाईच्या दालनासमोरची रांग सर्वांत लांब होती. जुलै 1980 मध्ये 300 येनला विकल्या गेलेल्या, गंडाम या ॲनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवाच्या पहिल्या मॉडेलपासून सुरू झालेले ते वेड अजून ओसरलेले नाही. यंत्रमानवांत मला रस नाही, म्हणून तिथे मी फार वेळ थांबलो नाही.

माझे लक्ष काचेच्या कपाटांतल्या नव्या, अजून रंग न दिलेल्या करड्या नमुन्यांपेक्षा पुनर्निर्मितीच्या, म्हणजे जुनी किट्स पुन्हा बाजारात येत असल्याच्या, पाट्यांकडे होते. प्लास्टिक मॉडेलचा खरा खर्च असतो तो पोलादी साच्याचा. प्लास्टिक स्वस्त, खोके स्वस्त, पण साचा कोरून घेण्यात मोठी रक्कम अडकते, आणि एकदा तयार झालेला साचा नीट सांभाळला तर कित्येक दशके चालतो. म्हणून कंपनी बुडाली तरी साचे बुडत नाहीत, ते दुसऱ्याच्या कारखान्यात जातात. इमाई ही शेजारच्या शिमिझुची मॉडेल-कंपनी 1969 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिचा कारखाना आणि साचे बांदाईने घेतले, आणि बांदाईचा प्लास्टिक मॉडेलांत खऱ्या अर्थाने प्रवेश त्यातून झाला; इमाई पुन्हा उभी राहिली, पुन्हा थकली, आणि तिचे बरेच साचे पुढे आओशिमाकडे गेले. याचा संग्राहकाच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. ‘दुर्मीळ’ म्हणून आपण चढ्या भावाने घेतलेले किट उद्या त्याच साच्यातून पुन्हा निघू शकते, आणि तेव्हा आपल्याकडे वेगळे उरते ते फक्त मूळ खोके, मूळ चित्र आणि मूळ माहितीपत्रक. आमच्या गटातल्या एका काकांनी अशाच एका पाटीसमोर उभे राहून बराच वेळ काही न बोलता फोनवर जुन्या खरेदीची पावती शोधली.

पण या प्रदर्शनाचा खरा गाभा कंपन्यांच्या दालनांत नाही. 1990 पासून याच वेळी देशभरातले आणि परदेशांतलेही मॉडेलकारांचे क्लब आपापले काम घेऊन येतात, आणि त्यांच्या टेबलांच्या रांगा संपता संपत नाहीत. कुणाच्या टेबलावर फक्त इटालियन विमाने, कुणाकडे बर्फात रुतलेले ट्रक, कुणाकडे गंजलेली मालवाहू जहाजे. शेजारी बनवणारा स्वतः उभा असतो आणि विचारले की मनापासून सांगतो. एका टेबलावर डोंगरउतारावरचे खेडे इतक्या हौसेने मांडले होते की दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण झाली. फरक एवढाच की इथे विहिरीचा रहाटसुद्धा प्रमाणात होता.

तिथेच एका वयस्कर गृहस्थांनी मोटरवर चालणाऱ्या जुन्या रणगाड्याचे किट मोटरीसकट जोडून मांडले होते. आमच्या काकांकडे त्याच पिढीतले एक बंद किट आहे हे कळल्यावर त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, की आतले पट्टे कसे आहेत. काकांना प्रश्न समजला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले, की जुन्या किटांतले रणगाड्याच्या चाकांभोवतीचे मऊ व्हिनाइलचे पट्टे किंवा गाड्यांचे टायर सुट्या भागांना चिकटून राहिले, तर त्यांतले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि सुट्या भागांच्या ज्या पॉलिस्टिरिन प्लास्टिकला ते टेकलेले असतील ते विरघळवते. डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) पिवळे पडतात, नळीतला गोंद वाळून दगड होतो, आणि हे सगळे बंद खोक्यात कुणाला न दिसता चालू असते. जपायचेच असेल तर खोके उघडून पट्टे वेगळ्या पिशवीत ठेवावेत, डेकल उन्हापासून आणि दमटपणापासून दूर सपाट ठेवावेत, एवढा सल्ला त्यांनी दिला. न उघडलेले म्हणजे जसेच्या तसे, हे आमच्या गटाने कायम गृहीत धरले होते. मला ते पूर्वीही पटत नव्हते, आता माझ्या बाजूने रसायनशास्त्रही आले.

परतीच्या गाडीत यावरून बराच वाद झाला. काहींचे म्हणणे असे, की खोक्यावरची पारदर्शक पन्नी शाबूत असेल तरच लिलावात भाव येतो आणि घेणाराही आत काय झाले आहे ते विचारत नाही. माझे मत वेगळे आहे: पन्नीचा भाव घेणाऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे, आणि चित्र व माहितीपत्रक जपायला पन्नी लागत नाही. निदान व्हिनाइलचे पट्टे आणि टायर असलेली किट्स पुढच्या बैठकीला आणून सर्वांदेखत उघडायची, असे शेवटी ठरले. काकांनी होकार दिला, पण आपले खोके शेवटी उघडायचे, या अटीवर.