आधी पडदा, मग पंखा

भाची आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा राहायला आले आहेत. दुपारी पलीकडच्या खोलीत त्याला झोपवायचा कार्यक्रम चालू होता आणि मी दारातून बघत होतो. घाईत तिनं आधी पंखा लावला आणि मग पडदा ओढला. चिरंजीव ताडकन उठून बसले. "आधी पडदा!" पडदा ओढून झाला होता, खोलीत हवा तेवढा अंधार होता, पंखाही गरगरत होता. पण छे! पंखा बंद, पडदा उघडा, पुन्हा पहिल्यापासून. पडदा. पंखा. मग उशी उलटी करायची, कारण गार बाजू वर हवी. मग हत्तीचं पुस्तक, आणि त्यातल्या शेवटून दुसऱ्या पानावर सोंडेवर बोट ठेवायचं, तेही त्यानंच. आपण ठेवलं तर आणखी एकदा पहिल्यापासून.

"मामा, आमचा साहेबसुद्धा एवढा काटेकोर नाही," भाची म्हणाली.

लोक म्हणतात, मुलांना शिस्त लावावी लागते. इथे कोण कोणाला लावतंय ते दिसतच होतं.

वेळापत्रक नावाच्या वस्तूशी माझं कधीच पटलं नाही. भिंतीवर चिकटवलेली ती रंगीत वेळापत्रकं पाहिली की डोकं उठतं. चार ते साडेचार चित्रकला, साडेचार ते पाच मुक्त खेळ. मुक्त, आणि पाचच्या ठोक्याला संपणारा! शिवाय ज्याच्यासाठी हा कागद लावलाय त्याला चार वाजले म्हणजे काय झालं, तेच ठाऊक नसतं. झोपून उठलं, तोंड धुतलं, चपला घातल्या, की बाहेर जायचं असतं. झाले त्याचे चार.

१९२८ साली दावोसला भरलेल्या एका व्याख्यानसत्रात आइन्स्टाइननं मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेला लहान मुलांच्या काळाच्या समजेबद्दल विचारलं होतं. मुलांना आधी काय कळतं, काळ की वेग? प्रश्न विचारणाऱ्याला शोभेसाच. पियाजेनं तो मनावर घेतला आणि पुढे मुलांसमोर वस्तू पळवून पाहिल्या. दोन्ही एकदम सुटल्या, एकदम थांबल्या, पण एक लांब पोचली, तर लहान मुलं ठणकावून सांगायची की लांब गेलेलीच जास्त वेळ चालत होती. मिनिटं त्यांच्या हिशेबात नव्हतीच. त्यांच्या हाताशी असतो तो क्रम, म्हणजे याच्यानंतर ते आणि त्याच्यानंतर ते. तो उलटा झाला की घड्याळात बारानंतर अकरा वाजल्यासारखं होत असणार. मग ओरडायचं नाही तर काय करायचं?

शरीराचं घड्याळ वेगळं, त्यालाही सवय लागावी लागते. तान्ह्या बाळाला रात्र-दिवस कळत नाही, हे जागरणं काढलेल्यांना मी काय सांगणार. दोन-तीन महिन्यांनी कळायला लागतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दहा ते तेरा तास झोप लागते म्हणतात. ती त्याच्या पदरात पाडायची तर आधी रोज तीच तयारी, असं बहुतेक घरं आपसूक करतातच. २००९ साली अमेरिकेत जोडी मिंडेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवर एक अभ्यास केला. त्यातल्या काहींना सांगितलं, की रोज रात्री तेच करा : अंघोळ, मग मालीश किंवा अंगाला लोशन, मग काहीतरी शांत, आणि अर्ध्या तासात दिवा बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपायला लागली, रात्री कमी उठायला लागली. पण मला आवडला तो पुढचा भाग. आयांची मनःस्थितीसुद्धा सुधारली. हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या मुलांना हत्तीचं पुस्तक नसेल."

माझ्या लहानपणी झोपायच्या आधीचं असं काही ठरलेलं होतं का? अंघोळ-गोष्ट वगैरे काही आठवत नाही. आठवतात ते बाबांचे आवाज. सगळे आडवे झाले की ते उठायचे. आधी स्वयंपाकघरातला नळ. तो थेंब थेंब गळायचा, म्हणून चाकी करकचून पिळायचे. मग मागच्या दाराची कडी, मग पुढच्या. दोन्ही कड्यांचे आवाज वेगळे होते, मागची जरा कुरकुरायची. मग भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली. त्या कर्रकर्रमध्येच मला झोप लागायची, त्यामुळे त्यानंतर ते काय करायचे ते मला आजही माहीत नाही. माझ्यासाठी म्हणून त्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

एकदा बाबा दवाखान्यात होते आणि सोबतीला काका आले होते. रात्री त्यांनी सरळ जाऊन पुढची कडी घातली. मी अंथरुणातूनच ओरडलो, "आधी नळ!" काकांनी 'का' म्हणून विचारलं नाही. कडी काढली, नळ पिळून आले, मागचं दार लावलं आणि मग पुढचं.

आता कोणी म्हणेल, एवढं काटेकोर राहिलं तर मुलं हट्टी होतील, प्रवासात काय कराल, पाहुणे आले तर काय? काही होत नाही. एखाद्या रात्री मोठ्यांबरोबर उशिरापर्यंत जागायला मिळण्याची चंगळ ज्याची झोपायची वेळ ठरलेली आहे त्यालाच कळते. बाकीच्यांना ती नुसती उशिराची रात्र.

मला खरं दुसरंच डोक्यात घोळतंय. युद्धात, भूकंपात घरं सुटलेल्यांच्या छावण्या असतात. तिथे युनिसेफसारख्या संस्था अन्नपाणी, औषधं यांच्या जोडीनं मुलांसाठी एक वेगळा तंबू उभा करतात. खेळ, गाणी, चित्रं, थोडं शिकणं, आणि हे शक्यतो रोज ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं. घरी कधी जायचं, असं पोरानं विचारलं तर तिथल्या कुठल्याच आईला उत्तर देता येत नाही. उद्या सकाळी तंबू उघडल्यावर आधी काय आणि मग काय, एवढं मात्र तिला सांगता येतं.