ओढायचं की आपटायचं? आमच्या वर्कशॉपची वाटचाल

गोव्यात डिचोलीच्या आमच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या भिंतीवर पुलर, म्हणजे घट्ट बसलेलं बेअरिंग ओढून काढायची अवजारं, टांगलेले दिसतात. सगळ्यात वरचा तीन पायांचा, वडिलांनी बनवलेला. तो खाली उतरवायला दोघं लागतात. सगळ्यात खाली खिळ्याला एक हिरवा प्लास्टिकचा हातोडा लटकतोय, डोक्याला तडा गेलेला. तो आम्ही बनवत नाही, विकतही नाही. पण आज आमचा जो माल सगळ्यात जास्त खपतो, तो या हातोड्यावरून सुचला.

वडिलांचं सगळं काम खाणीचं. टिपरचे हब, क्रशरचे शाफ्ट, मांडवीवरच्या बार्जींचे पंप. ते म्हणायचे, बेअरिंग ठोकून कुणीही बसवील, न फोडता काढणारा पाहिजे. घरात बोलणं कोंकणीत, वही मराठीत, आणि त्या वहीत पुलरच्या स्क्रूची मापं उधारीच्या शेजारीच लिहिलेली. मीही तेच करत राहिलो. गिऱ्हाईक शोधायला कधी जावं लागलं नाही, हीच पुढे आमची खोट ठरली.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे मर्यादा घालून परत सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद. एका ठेकेदाराकडे आमचे पैसे अडकले ते अडकलेच. तीन कामगारांपैकी एकच उरला. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा ट्रॉलर धक्क्याला लागतात, म्हणून त्या दोन महिन्यांत थोडं विंचचं काम मिळायचं. बाकी वर्षभर लेथवर ताडपत्री.

अशाच एका चवथीला भाचा आला. आधी बोटीवर होता, आता अमेरिकेत असतो. तिथे त्याला नेमबाजीचा नाद लागलाय आणि काडतुसं तो स्वतः भरतो. त्याच्या गावात हा सर्रास छंद आहे. बॅगेतून त्याने हा तडकलेला हातोडा काढला. "मामा, हा सांधशील? की काडतुसं भरायच्या प्रेसवर बसवायचा दुसरा पुलर घेऊ?"

पुलर म्हटल्यावर मी चहा बाजूला ठेवला.

त्याने समजावलं ते असं. उडालेल्या काडतुसाची पितळी केस, म्हणजे रिकामी नळी, परत वापरतात. बुडाचा जुना प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) काढून नवा बसवायचा, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. यात कधी गोळी जास्त खोल जाते, कधी दारू दोनदा पडली की काय अशी शंका येते. असं काडतूस उडवून बघायचं नसतं, उघडायचं असतं. त्यासाठी हा हातोडा. डोकं पोकळ, मागच्या बाजूने काडतूस आत घालायचं, गोळी आपटायच्या तोंडाकडे. केसची कड तीन तुकड्यांच्या कॉलेटमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या कडीत, धरलेली, वरून टोपी आवळलेली. हातोडा आपटला की तो थांबतो, केसही थांबते, गोळी मात्र थांबत नाही. ती सुटून पोकळीत पडते, मागोमाग दारूही.

मी म्हटलं, अरे, हा तर आमचा स्लाइड हॅमरच, दांड्यावर सरकतं वजन आपटून ओढणारा, फक्त उलटा!

मग आम्ही व्हर्नियर घेऊन बसलो. यात ओढणारं काही नाही, गोळीचं वजनच तिला बाहेर काढतं. म्हणजे १६८ ग्रेनची, साधारण ११ ग्रॅमची रायफलची गोळी दोन-तीन ठोक्यांत सुटेल, आणि ५५ ग्रेनची, साडेतीन ग्रॅमची, जास्त ठोके खाईल. भाचा म्हणाला, अगदी तसंच होतं. आपटायचं कशावर, हाही प्रश्नच. गादीवर आपटलं तर धक्का गादीतच मरतो, काँक्रीटच्या कडेवर आपटलं तर डोकं तडकतं. त्याने दुसरं केलं होतं. मी त्याला मासळी कापतात तसला, उभ्या शिरांचा ओंडका घ्यायला सांगितलं. काही जण कॉलेटऐवजी प्रेसचा शेल-होल्डर, म्हणजे केस धरायची खाच, यात घालतात म्हणाला. मला पटलं नाही. तो एका बाजूने उघडा असतो, आणि जी पकड एका बाजूने उघडी ती धक्क्याच्या कामाला वापरू नये. रिमफायर काडतूस तर या हातोड्यात घालायचंच नाही, कारण पेटणारा मसाला त्याच्या कडेतच असतो आणि आपण धरतो तीच कड. ठोकताना डोळ्यांना चष्माही हवा.

दुसरा प्रकार प्रेसवरच्या कॉलेटचा. प्रेसच्या डायच्या (साच्याच्या) जागी, सात-अष्टमांश इंची, १४ आट्यांच्या भोकात तो बसतो. खालून काडतूस वर येतं, कॉलेट गोळीला आवळतो, प्रेसचा दांडा उलटा फिरवला की केस खाली जाते आणि गोळी वर राहते. दारू केसमध्येच, आवाज नाही, सांडलवंड नाही. कारागिराच्या नजरेने हाच सुबक. पण प्रत्येक मापाला कॉलेट वेगळा. शिवाय कॉलेटला धरायला सरळ भिंत लागते. रायफलच्या गोळीची ती केसबाहेर थोडीतरी असते. पिस्तुलाच्या आखूड गोळीचा बाहेर दिसतो तो गोलावाच, त्यावरून कॉलेट सटकतो. आणि नुसत्या शिशाची गोळी असली तर तिच्यावर वळ उठतात.

"तू जास्त काय भरतोस?" मी विचारलं.

"पिस्तुलाचीच, नऊ एमएम."

"मग कॉलेट घेऊन त्याचं लोणचं घालणार आहेस? नवा हातोडा घे. रायफलची एकाच मापाची शंभरेक एकदम उघडायची वेळ आली, तर तेव्हा कॉलेटचं बघ."

(काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. अवजार मात्र अमेरिकेहून.)

भाच्याच्या डोक्यात पुढचं शिजत होतं. "मामा, तूच बनव, मी तिथे विकतो." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पणजीच्या वकिलाकडे गेलो. त्याने १९५९ चा शस्त्र कायदा उघडून व्याख्या दाखवली. 'दारूगोळा' या शब्दातच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. पुलर तर उघडणारा, बनवणारा नव्हे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "हा युक्तिवाद कोर्टात करायचा असेल तर जरूर करा." विषय तिथेच संपवला.

गावात मात्र बोभाटा झाला. आमच्याकडे शेतराखणीच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत. रानडुकरं आणि माकडं काही ठेवत नाहीत. एक शेतकरी पिशवीत ओल आलेली छऱ्यांची काडतुसं घेऊन हजर, "ही उघडून देशील?" छऱ्याच्या काडतुसाची घडणच वेगळी, त्याला हे पुलर लागूच पडत नाहीत. आणि पडले असते तरी माझ्या शेडमध्ये, ग्राइंडरच्या ठिणग्यांत? बाहेरच्या फणसाखालीच त्याला थांबवलं आणि लायसन्सवाल्या दुकानाची वाट दाखवली.

पण आपटणं आणि आवळणं डोक्यातून जाईना. कळंगुट-म्हापशाकडे भाड्याच्या स्कूटरींचे मेकॅनिक रोज एकच रड सांगायचे. खारी हवा, वाळू, चाकाचं बेअरिंग हबमध्ये गंजून बसलेलं, आणि मागून पुलरचे पाय अडकवायला जागा नाही. छिन्नीने काढायला गेलं की ॲल्युमिनियमचा हब जातो. तिथे आतून फुगणारा कॉलेट आणि बाहेर सरकता हातोडा, दोन्ही एकत्र हवे होते. ६३०१ नंबरच्या बेअरिंगचं भोक १२ मिलिमीटर, तेवढ्यात सगळं बसवायचं.

पहिला कॉलेट तिसऱ्या ठोक्याला तुटला. दुसराही. एन-४७ पोलाद चांगलं, तेलात पाणी दिलेलं (तापवून तेलात बुडवून कडक केलेलं) नीट, मग चुकतंय कुठे? तुटलेले तुकडे भिंगाखाली धरले तेव्हा दिसलं: करवतीची चीर जिथे संपते त्याच कोपऱ्यातून तडा सुरू. पुढच्या वेळी आधी तिथे दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, चीर त्या भोकात नेऊन संपवली, आणि पाणी दिल्यावर परत तापवून कडकपणा थोडा जास्त उतरवला. तो कॉलेट अजून चालतोय. मेकॅनिकना एवढंच सांगतो, आधी हब गरम करा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, निम्मं काम तिथेच होतं.

पहिले पाच संच उधारीवर दिले. आता चार मापांचा संच आहे आणि कामगार पुन्हा तीन झालेत.

यंदा चवथीला भाच्याने भिंतीवरचा हातोडा ओळखला. खाली काढला, टोपी उघडली, आतला कॉलेट फिरवून बघितला.

"मामा, याच्या तीन तुकड्यांना बांधणारी रबरी रिंग कुठे गेली?"

ती मी नमुन्याला लावली होती, पहिल्या संचाच्या वेळी. तो संच म्हापशाला गेला.