खुलताबादच्या डोंगरात सूर्यास्ताची क्वाड बाईक सफर : आमची वाटचाल

वेरूळची ३४ लेणी ज्या कड्यात कोरलेली आहेत तो कडा पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपार कलल्यानंतर त्या काळ्या दगडावर जो तांबूस उजेड येतो तो सकाळी येऊन गेलेल्या पर्यटकाला पाहायला मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या सहलींचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे : सकाळी दौलताबादचा किल्ला, त्यानंतर खुलताबाद, दुपारी लेणी आणि घृष्णेश्वराचे दर्शन, आणि ऊन उतरण्याच्या आत परतीचा प्रवास. संध्याकाळी या भागात थांबावे असे पर्यटकाला वाटण्याजोगे फारसे काही उपलब्ध नव्हते. पर्यटकांना चारचाकी क्वाड बाईकवरून डोंगरमाथ्यावर सूर्यास्त दाखवायला नेण्याचा आमचा व्यवसाय त्या रिकाम्या राहिलेल्या दोन तासांवर उभा आहे.

आम्ही दोघे भाऊ मूळचे याच तालुक्यातले. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो आणि धाकटा भाऊ पर्यटकांसाठी भाड्याची गाडी चालवत असे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाला, त्याच्याभोवती लहानमोठ्या पुरवठादारांचे जाळे वाढत गेले आणि या जिल्ह्यात लेथ, वेल्डिंग व इंजिनदुरुस्ती जाणणाऱ्या माणसांची एक पिढीच तयार झाली. एखादे बुश झिजले किंवा ब्रॅकेट तुटले तर पुण्यामुंबईहून भाग येईपर्यंत गाडी उभी ठेवण्याची पाळी आमच्यावर सहसा येत नाही, कारण तो भाग येथेच एका दिवसात घडवून मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत भावाचा गाडीचा व्यवसाय पूर्ण थांबला आणि घरात नव्या उद्योगाचा विचार सुरू झाला. पुढील वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाचे साहसी पर्यटन धोरण आले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी नोंदणी आणि सुरक्षेची चौकट त्यात असल्यामुळे, कोणत्या नियमाखाली अर्ज करायचा हे तरी आम्हाला समजले.

कर्जाचा भाग थोडक्यात सांगतो. या गाड्यांची मोटारीसारखी नोंदणी होत नाही आणि त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत, त्यामुळे वाहनकर्जाच्या नमुन्यात त्या बसेनात. अखेर त्यांना यंत्रसामग्री समजून प्रकरण मंजूर झाले. सुरुवात चार गाड्यांनी केली.

खरा वेळ लागला तो जमिनीला. डोंगर समोर दिसत असला तरी त्याचा बराच भाग वनखात्याचा आहे, आणि वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करायचा तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. त्या वाटेला आम्ही गेलोच नाही. गायरानावर गावातील जनावरांचा हक्क, तेही वर्ज्य. उरली ती शेतकऱ्यांची खासगी बरड, म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे पण मुरूम आणि कातळामुळे जेथे पावसाळी गवताखेरीज काही येत नाही अशी जमीन. असे तुकडे जोडत जोडत आमचा मार्ग तयार झाला आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा भाडेकरार करावा लागला. पैशापेक्षा शेतकऱ्यांच्या अटी महत्त्वाच्या होत्या. ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणते अशा एका वयस्क शेतकऱ्यांनी बैठकीत स्पष्ट सांगितले, “बांध फोडायचा नाही, विहिरीकडं गाडी न्यायची नाही आणि गुरं घरी परतायच्या वेळेला वाट मोकळी पाहिजे.” या तिन्ही अटी आजही जशाच्या तशा पाळल्या जातात. शेवटच्या अटीमुळे सफरीची वेळ रोज थोडी सरकवावी लागते, कारण गुरे परतण्याची आणि सूर्य बुडण्याची वेळ जवळजवळ एकच असते. म्हणून खालच्या वाटेवरून जनावरे येतात तेव्हा आमच्या गाड्या वर माथ्यावर इंजिन बंद करून उभ्या असतात.

आता गाडीविषयी. चारचाकी क्वाड बाईक फार जुनी नाही. होंडाने १९७० मध्ये मोठ्या फुगीर टायरांची तीनचाकी गाडी बाजारात आणली, ती वळणावर उलटत असल्याच्या तक्रारी वाढल्या, पुढे १९८८ मध्ये उत्पादकांनी अमेरिकेत तिची विक्री थांबवण्याचे मान्य केले. त्याआधीच, १९८२ मध्ये, सुझुकीची चारचाकी आली होती आणि आजच्या गाड्या त्याच घडणीच्या आहेत. चार चाके आहेत म्हणजे गाडी पडणारच नाही, असा पर्यटकांचा पक्का समज असतो, आणि या व्यवसायातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. आमच्या गाड्यांचा मागचा आस एकसंध असल्यामुळे दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, पण ते तसे करू शकत नाही, आणि चालवणाऱ्याने शरीराचा भार योग्य बाजूला नेला नाही तर गाडी वळण्याऐवजी सरळ रेटत राहते. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलायचे, हे सांगून समजत नाही, ते करून घ्यावे लागते. त्यासाठी सुरुवातीला सपाट शेतात सर्वांकडून सराव करून घेतला जातो. मोटारसायकल उत्तम चालवणाऱ्या तरुणांना येथे सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण त्यांचा हात वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायला जातो आणि या गाडीचा वेग उजव्या अंगठ्याने दाबण्याच्या पट्टीवर असतो. ज्यांनी आयुष्यात फक्त सायकल चालवली आहे अशा काकू मात्र सांगितलेले नेमके करतात. इंजिन ९० सीसीपेक्षा मोठे असल्यास १६ वर्षांखालील मुलाला गाडी देऊ नये, असा या गाड्यांबाबतचा मान्य दंडक आहे; आम्ही तो पाळतो आणि एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर मागे कोणालाही बसू देत नाही. यावरून आठवड्यातून एकदा तरी कोणाचा तरी रोष ओढवतो. लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांना आम्ही जीपने माथ्यावर नेतो.

सराव झाला की सीताफळाच्या झाडांमधून जाणाऱ्या मुरमाच्या वाटेने गाड्या निघतात. पुढे आमचा माणूस, शेवटी आमचा माणूस, मध्ये जास्तीत जास्त तीन पर्यटक, आणि सगळ्यांचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याइतका. ओढ्याच्या काठाने चढ सुरू होतो तेव्हा या डोंगराची घडण डोळ्यांसमोर येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्यातील घट्ट थर कड्यासारखे उभे राहिले, सच्छिद्र थर लवकर झिजून त्यांचे उतार झाले, म्हणून हा डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. वाट त्या उताराच्या पट्ट्यांवरून जाते आणि कड्यांना वळसा घालते. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधल्या काळात खडक झिजून ती माती झालेली असते. सच्छिद्र थराच्या पोकळ्यांमध्ये पांढऱ्या गारगोट्या आणि स्फटिक असतात. ते उचलून खिशात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. आमचे मार्गदर्शक पाहून झाल्यावर ते परत खाली ठेवायला लावतात.

माथ्यावर पोहोचल्यावर पश्चिमेला डोंगर एकदम संपतो आणि खाली शेतांचा सपाट मुलूख पसरतो, त्यामुळे सूर्य थेट क्षितिजाला टेकेपर्यंत दिसतो. उत्तरेच्या बाजूला १०६७ मीटर उंचीच्या म्हैसमाळवरील दूरदर्शनचा मनोरा ओळखू येतो आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी दक्षिणेला देवगिरीची टेकडी. यादव राजा भिल्लम पाचवा याची ती राजधानी, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी जेथे हलवली तोच हा डोंगर; खालचा भाग चहूबाजूंनी ताशीव केल्यामुळे त्याचा आकार लांबूनही वेगळा दिसतो. इतिहास सांगण्याची हौस आमच्या मार्गदर्शकांना आहे, तथापि तेथे जास्त बोलायचे नाही असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. माणसे डोंगर पाहायला आलेली असतात.

वेळेचे गणित येथे फार काटेकोर ठेवावे लागते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्याच्या अखेरीस सात वाजून जातात. मावळल्यानंतर पंचवीसेक मिनिटांत मुरमाच्या वाटेवरील खड्डा आणि सावली यांतला फरक कळेनासा होतो. गाड्यांना दिवे असले तरी अंधारात उतरायचे नाही, हा आमचा नियम आहे, आणि त्याला रानातल्या प्राण्यांचेही कारण आहे. संधिप्रकाश संपता संपता रोही, ससे, क्वचित तरस या वाटा ओलांडतात. त्यामुळे पर्यटक उशिरा आले तर सफर लहान होते, सूर्य त्यांच्यासाठी थांबत नाही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्या दिवशी लोक अजिंठ्याला जातात आणि तेथून परतताना त्यांना आमच्याकडे वेळेत पोहोचणे अवघड जाते, म्हणून मंगळवार आम्ही दुरुस्तीला ठेवला आहे.

दुरुस्ती हा स्वतंत्र विषय होईल, पण दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली धूळ. मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते, ती हवेच्या फिल्टरमध्ये बसली की इंजिनाचा दम जातो, त्यामुळे उन्हाळ्यात फिल्टर रोज उघडून साफ करावा लागतो आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गिअर यंत्रणेचे झाकणही वरचेवर काढावे लागते. टायरमधील हवा अवघी चार-पाच पीएसआय असते. ती मोटारीच्या टायरप्रमाणे भरली तर गाडी दगडावरून उसळते, आणि नव्या मुलाच्या हाती पंप दिला की तो हमखास जास्त भरतो. दुसरी गोष्ट गवत. दिवाळीनंतर डोंगरावरची कुसळी वाळते, तिचे पुंजके सायलेन्सरजवळ अडकतात आणि तापलेल्या नळीवर त्यांनी पेट घेतला तर वणवा लागायला वेळ लागत नाही. म्हणून दर थांब्याला गाडीखाली वाकून पाहणे आणि हंगाम सुरू होण्याआधी वाटेच्या दोन्ही कडांचे गवत कापून जाळरेषा राखणे ही कामे चुकत नाहीत. कापलेले गवत जमीनमालकाच्या गोठ्यात जाते, आणि माझ्या मते आमच्या करारांचे नूतनीकरण सुरळीत होण्याचे ते निम्मे कारण आहे.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, वरची वाट बंद असते. म्हैसमाळला नेमकी त्याच वेळी गर्दी असते आणि ओल्या हिरव्या डोंगरात गाडी चालवायला मिळावी म्हणून लोक वाटेल तो दर द्यायला तयार असतात, तरीही भिजलेल्या मुरमावरून चाके गेली की चाकोरी पडते, तिच्यातून पाणी धावू लागते आणि एका पावसात गुडघाभर घळ होते. ती भरून काढण्याचा खर्च त्या महिन्याच्या मिळकतीपेक्षा जास्त येतो. वाटेवर जागोजाग आडवे चर काढून पाणी बाजूला वळवण्याची पद्धत आम्ही पाणलोटाच्या कामांवर राबलेल्या गावकऱ्यांकडून शिकलो. समतल चर कोठे घ्यायचा हे त्यांना उपकरणाशिवाय कळते.

मार्गदर्शक म्हणून आम्ही याच गावांतील मुले घेतली. शहरातून आलेला मुलगा गाडी सफाईने चालवतो, इंग्रजीही चांगले बोलतो, परंतु कोणत्या नाळेत भर दुपारी आग्या मोहोळाची माशी उठते आणि कोणत्या दगडाखाली पाय ठेवू नये, हे गुरे राखत वाढलेल्या मुलालाच ठाऊक असते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सर्वांना दिले आहे आणि इंग्रजी हळूहळू येते आहे. भिणाऱ्या पर्यटकाला “ताई, अंगठा सैल सोडा, गाडी आपोआप थांबते” असे शांतपणे सांगणे हे त्यांचे खरे कसब आहे.

अलीकडे जलविहार केंद्रांवर आणि महामार्गालगतच्या ढाब्यांवर टायरांचे रिंगण करून पाच मिनिटांच्या फेऱ्यांसाठी या गाड्या भाड्याने देतात. हिशेबाच्या दृष्टीने तो व्यवसाय आमच्यापेक्षा किफायतशीर आहे, कारण एक गाडी दिवसभर पैसे कमावते आणि आमची गाडी संध्याकाळी एकदाच निघते. आम्हालाही सकाळी रिंगण चालवण्याचा सल्ला अनेकदा मिळाला. पण रिंगणात मुले अंगठा शेवटपर्यंत दाबायला शिकतात, आणि तीच सवय घेऊन कोणी संध्याकाळी कड्याच्या वाटेवर आले तर त्याला आवरणे कठीण जाते. म्हणून तो सल्ला आम्ही बाजूला ठेवला.

सध्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांची चौकशी सुरू आहे. आवाज कमी झाल्यास गावकऱ्यांची एकमेव उरलेली तक्रार मिटेल आणि सायलेन्सरच नसल्याने गवत पेटण्याची भीतीही बरीच कमी होईल. अडचण चढाची आहे. सपाट जमिनीवर मोजलेला पल्ला डोंगरात किती उरतो आणि चाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या बॅटरीचे आयुष्य किती टिकते, याची खात्री आमच्याच वाटेवर गाडी चालवून पाहिल्याशिवाय होणार नाही. एका विक्रेत्याने या उन्हाळ्यात चाचणीसाठी गाडी पाठवण्याची तयारी दाखवली आहे; ती वर पूर्ण भाराने चढून दिवे लागायच्या आत खाली आली, तर पुढील दोन गाड्या त्याच जातीच्या घेण्याचा विचार आहे.