एडिंबरात ऐकलेला ख्राइस्टचर्चचा भूकंप

ऑगस्टमध्ये एडिंबराच्या रॉयल माइलवर रिकाम्या हातानं चालताच येत नाही. चार पावलं टाकली की कुणीतरी आपल्या प्रयोगाचं पत्रक हातात देतंच. १९४७ मध्ये आमंत्रण नसतानाही आठ नाटकमंडळ्या इथल्या महोत्सवात येऊन थडकल्या, त्यातून हा फ्रिंज नाट्यमहोत्सव सुरू झाला. आजही निवड समिती नाही. जागा मिळवा, प्रयोग लावा. म्हणूनच काउगेटजवळच्या एका पबच्या मागच्या खोलीत मला हा एकपात्री विनोदी प्रयोग पाहता आला.

कलाकार न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चची. एक माइक, एक स्टूल, बस्स. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं, १८५ मृत्यू: हे तिनं सुरुवातीलाच सरळ सांगितलं आणि त्यांच्यावर एकही विनोद केला नाही. विनोद सगळे मागे राहिलेल्यांच्या दिवसांवर. हादऱ्यानं पाणथळ जमीन पातळ होऊन करडा गाळ अंगणात, घरात वर आला. फावड्यानं उपसून पाठ टेकावी, तर पुढच्या मोठ्या धक्क्याबरोबर पुन्हा गाळ. मलवाहिन्या फुटलेल्या, त्यामुळे घरोघरी केमिकल टॉयलेट, आणि ती टाकी रिकामी करायला निघालेले शेजारी एकमेकांना अदबीनं 'गुड मॉर्निंग' म्हणतायत! खोली हसून हसून लोळत होती.

धक्के हजारोंनी येत राहिले. लोकांना सवयच जडली: जमीन हलली की कुणी म्हणायचं '४.२', कुणी '४.६', मग वेबसाइटवर धक्क्याच्या तीव्रतेचा खरा आकडा बघायचा.

पुढे ती लंडनला आली. व्हिसाच्या फॉर्मांवरचे विनोद मला बेतासबात वाटले, तसले बरेच ऐकलेत. पण एका घरी जेवताना खालून भुयारी रेल्वे गेली, ग्लास किणकिणले आणि हिच्या तोंडून निघालं, '३.८'. टेबलावर कुणीच दुसरा आकडा बोललं नाही. त्या क्षणी आपण घर सोडून किती लांब आलोय ते तिला कळलं. परदेशातल्या एकटेपणाबद्दल इतकं नेमकं मी क्वचितच ऐकलंय.

आणि नेमकं तेव्हाच बाहेरच्या दगडी रस्त्यावरून जड ट्रक गेला. खिडकी थरथरली. ती थांबली. मागच्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "तीन पॉइंट चार!"

तिला हसू आवरेना, मग रडू. पाचेक मिनिटं प्रयोग बाजूलाच राहिला. दोघी एकमेकींना गल्ल्यांची नावं विचारत होत्या, आणि आम्ही बाकीचे आनंदानं ऐकत होतो.

तिकीट नव्हतं. शेवटी दाराशी बादली घेऊन ती उभी राहिली. मी खिशातली सगळी रोकड त्यात टाकली. पुढच्या प्रयोगाचे लोक खुर्च्या सरकवायला आत शिरले होते, तरी त्या बाई आणि ती अजून बोलतच होत्या.