पांढऱ्या दुधापासून तपकिरी कुंद्यापर्यंत

बेळगावात कॅमेरा हातात आला की पहिला विषय शिवजयंतीचे चित्ररथ, नाहीतर कुंदा, दूध आटवून केलेली इथली मिठाई. कुंदा सोपा वाटतो, कढई काही जागची हलत नाही. फसगत तिथंच होते. पहिला व्हिडिओ सुधारायला बसलात की तो दोनदा बघा: एकदा आवाज बंद करून, एकदा फोन पालथा ठेवून नुसता ऐकून.

आवाज बंद केला की रंगाची चूक दिसते. पांढऱ्या दुधानं फ्रेम भरली की ऑटो एक्स्पोजर, म्हणजे फोननं आपोआप ठरवलेला उजेड, चित्र काळवंडून टाकतो, दूध राखाडी दिसतं. मग दूध आटतं, साखर तांबूस होते, रंग चढतो. तसा फोन स्वतःहून उजेड वाढवतो आणि रंगही आपल्या मनानं पुसट करतो. दीड तास कालथा फिरवून आलेला रंग पडद्यावर येतच नाही. शॉट चालू असताना बदललेला उजेड एडिटिंगमध्ये धड सावरता येत नाही, ते पुन्हाच शूट करावं लागतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथं सगळं हातानं ठरवता येतं, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी) दोन्ही लॉक करा. थंड पांढऱ्या ट्यूबलाइटला व्हाइट बॅलन्स साधारण 6000 ते 6500 केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप). खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र नकोत.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर दोष दिव्याचा नाही, शटरचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. फोनमध्ये सेकंदाला 25 फ्रेम नसतील तर 30 चालतील, पण शटर 1/60 नको.

ट्रायपॉडच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि दर दहा मिनिटांनी त्याच जागेवरून वीस सेकंद घ्या. कॅमेरा कढईच्या बरोबर वर नको, वाफेनं काच धुरकट होते. पुढं त्यातले पाच-सहा तुकडे, प्रत्येकी चार-पाच सेकंदांचे, एकापुढं एक लावा. वेग वाढवून पळवलेल्या शॉटपेक्षा हे केव्हाही बरं. पळवलेल्या शॉटमध्ये कालथ्याचा आवाज मरतो.

आता आवाज. तीन फुटांवरच्या फोनला हलवाई कमी आणि शेगडी जास्त ऐकू येते. दुसरा फोन बोलणाऱ्यापासून फूटभर अंतरावर, एअरप्लेन मोडवर ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, चित्र आणि आवाजाची जुळवणी तिच्यावर होते. लांब क्लिपमध्ये हळूहळू ओठ आणि शब्द सुटायला लागले तर फोनचा फ्रेम रेट बदलता आहे असं समजा. हँडब्रेक या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्राममध्ये तो स्थिर करून मगच एडिटिंगला घ्या. गॅस बंद केल्यावर आणखी मिनिटभर कालथा फिरवून कढईची खरखर वेगळी टिपा, आणि रिकाम्या खोलीचा आवाजही तीस सेकंद. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर मुलाखत पुढं ढकला. बोलण्याची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, एडिटिंगच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये राहू देत, संगीत त्याच्या बरंच खाली.

इथला हलवाई एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो. आपोआप येणाऱ्या सबटायटलला ते झेपत नाही, हातानं लिहा, एका वेळी दोनच ओळी. काही ॲपांत जोडाक्षरं फुटतात. आधी ‘कुंद्याचा’ टाइप करून बघा, आणि कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहिलं जाणारं अक्षर, नीट खाली बसतंय का ते कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला फोनवरच दाखवा, लॅपटॉपवर नको.